उसवलेला पट्टा

१

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दोरीकाकांनी चहाचे आधण ठेवले आणि ते उकळेपर्यंतच्या वेळात, रोजच्याप्रमाणे, पुढच्या खोलीतल्या शिलाई मशीनला तेल दिले. दोन थेंब वरच्या छिद्रात, एक बॉबिनजवळ. मग चाक हाताने तीनदा फिरवून कान लावायचा. मशीन गुळगुळीत फिरले. त्यांनी वरचे कापड पुन्हा टाकले आणि त्याचे चारही कोपरे सारखे केले. गेले अकरा दिवस ते कापड फक्त या तेलापुरते उचलले जात होते.

बंदरातल्या क्रेनचे दोर आणि पट्टे तपासण्यात त्यांची चौतीस वर्षे गेली होती. दोरीकाका हे नाव तिथूनच चिकटलेले. निवृत्त झाल्यावर ते लेकीकडे राहायला आले. खाली जावयाचे मोटरसायकल दुरुस्तीचे गॅरेज, वर तीन खोल्या, त्यांतली एक लेकीच्या शिवणकामाची. लेक झोळ्या शिवायची. घडी केली की हेल्मेटमध्ये मावेल, आणि दोन झाडांमध्ये पट्ट्यांनी ताणून बांधली की त्यात उताणा माणूस रात्रभर झोपेल, अशी झोळी. लांबच्या प्रवासाला निघणारे मोटरसायकलवाले तिला हॅमॉक म्हणत आणि दुरून तिच्याकडे येत.

लेक खिडकीपाशी बसली होती. मांडीवर टाइप केलेला एक कागद होता.

"चहा घे."

"ठेवा तिथे."

"कालचा पण तिथेच आहे. कपांची रांग लावायची आहे का?"

ती हसली नाही. "उद्या अकराला सही केली की घेईन बाबा. मग घशाखाली उतरेल."

कागदावर काय आहे ते दोरीकाकांना पाठ झाले होते. जावई आणि त्याचे तीन मित्र दरवर्षीप्रमाणे मोटरसायकलींवर बाहेर पडले होते. नवव्या दिवशी पहाटे त्यांच्यातला एक जण, ज्याला सगळे नकाशेवाला म्हणत, झोळीखालच्या खडकावर मरून पडलेला सापडला. झोळीच्या पट्ट्याच्या टोकाचे लूप उसवलेले होते. पट्टा लेकीने शिवलेला. कागदाचे शेवटचे वाक्य असे होते : 'सदर शिवण मी निष्काळजीपणाने अपुरी ठेवली व त्यामुळे हा मृत्यू घडला, हे मला मान्य आहे.'

"तुला नक्की आठवतंय, अपुरी ठेवलीस म्हणून?"

"आठवत नाही, हेच तर." तिने स्वतःच्या बोटांकडे दुसऱ्या कोणाची असावीत तसे पाहिले. "निघायच्या आदल्या रात्री बरोबर द्यायच्या त्या जादा पट्ट्याची शिवण तिरकी गेलेली दिसली. मी उसवली. अंगात ताप होता. परत घातली की नाही, डोळ्यांसमोर येतच नाही. यांना विचारलं तर म्हणाले, मी बघितलीय, झालीय छान. मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाले असणार."

"हे आणखी कोणाला बोललीस?"

"कोणाला बोलू? माणूस मेला बाबा. तो इथे बसून माझ्याशी वाद घालायचा, झोळीचा रंग हिरवा असावा की राखाडी."

दोरीकाकांनी कालचा चहा मोरीत ओतला, चपला घातल्या आणि भिंग खिशात टाकले. बरोबर अठ्ठावीस तास उरले होते.

२

फौजदार तरुण होता. बंदरात त्याचे वडील हमाल होते आणि दोरीकाकांनी वेळेत नापास केल्यामुळे एक दोर तुटून त्या वडिलांच्या डोक्यावर पडता पडता राहिला होता. एवढ्या ओळखीवर त्याने कपाट उघडले.

"हात लावायचा नाही काका. बघा फक्त. आणि खरं सांगू का, बघून तुम्हालाच त्रास होईल."

पिशवीतला पट्टा दोन बोटे रुंद, काळा होता. दोरीकाकांनी तो पिशवीसकट उजेडात धरला आणि पाव तास ते भिंगातून पाहत राहिले. फौजदाराने दोनदा घड्याळ पाहिले.

"भोकांच्या ओळी किती दिसतात तुम्हाला?" अखेर त्यांनी विचारले.

फौजदाराने भिंग घेतले. "दोन. एक तिरकी, एक सरळ."

"तिरकीत काय आहे?"

"काही नाही. रिकामी."

"ती तिने उसवलेली. सरळ ओळीत?"

"दोऱ्याचे बारीक तुकडे अडकलेत."

"म्हणजे शिवण परत घातली होती. सरळ, नीट, पूर्ण. ती नंतर कोणीतरी काढली." दोरीकाकांचा आवाज चढला नाही, बंदरातही चढत नसे. "वजनाने तुटलेला दोरा पिंजारतो, आणि भोकं ओढीच्या बाजूला लांबट होतात. इथे प्रत्येक टोक कापलेलं आहे आणि भोकं गोल आहेत. आणखी एक. लूप असं पूर्ण उघडं असेल, तर माणूस बसतानाच खाली येईल. हा पहाटेपर्यंत झोपला कसा?"

फौजदार खुर्चीत मागे टेकला. "म्हणजे तो मेल्यावर उसवलाय, असं म्हणता?"

"हो. आणि हा पट्टा कुठल्या झाडाला कधी बांधलेलाच नाही. सालीचा कण नाही यावर."

"काका, पटतंय मला. पण कागदावर हे काय दिसेल? आरोपीचे वडील आले, भिंगातून बघितलं आणि म्हणाले, मुलगी निर्दोष. ती स्वतः कबूल करतेय. वकील म्हणेल, ताप होता, तिनेच पुन्हा उसवली." त्याने पट्टा कपाटात ठेवून किल्ली फिरवली. "खडकावर पडून नाही, तर मग तो मेला कसा? ते आणा. उद्या अकराच्या आत."

घरी जाऊन दोरीकाकांनी लेकीला सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि वकील म्हणेल म्हणून फौजदाराने सांगितले होते नेमके तेच ती म्हणाली. "मग पुन्हा मीच उसवली असेन. बाबा, मला वाचवायला तुम्ही काहीही शोधून काढाल. नका."

३

त्या रात्री डोंगरात चौघेच होते. मेलेला सोडला तर तिघे, आणि तिघांतला एक कोणीतरी अकरा दिवस खोटे बोलत होता.

पहिले दाताचे डॉक्टर. दवाखान्यात एका बाईच्या तोंडात कापूस कोंबून ते बाहेर आले. अंगाने अवाढव्य, आवाजाने मऊ.

"तुमचं आणि नकाशेवाल्याचं भांडण झालं होतं म्हणे."

"रोज व्हायचं. मी घोरतो काका. साधंसुधं नाही, बायको शेजारच्या खोलीत झोपते आणि शेजारी खिडकी लावतात. त्या संध्याकाळी आमची हॅमॉक शेजारी शेजारी होती. तो म्हणाला, आज तुझ्या नाकात बूच मारतो." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "शेवटचं बोलणं ते. मी म्हटलं, मर तिकडे. असं म्हणतो आपण. सहज म्हणतो."

दोरीकाकांनी त्यांना सावरू दिले. मग विचारले, "पहाटे तुम्ही त्याला पाहिलंत. जखमा कुठे होत्या?"

"छातीला. पुढच्या फासळ्या दबल्या होत्या, दोन्ही बाजूंच्या."

"पाठीला?"

"पाठीला काही नाही." डॉक्टर थांबले. "उताणा झोपलेला माणूस खडकावर पडला तर..." ते पुन्हा थांबले. "मला वाटलं, पडताना वळला असेल. काका, मी दातांचा डॉक्टर. मानेखालचं मी फार बघत नाही."

"अंगावर जड काही पडलं तर असं होईल?"

"होईल. पण तिथे होतं काय? दोन झाडं आणि वर आभाळ."

आतून त्या बाईने घशातून हुंकार दिला. डॉक्टर वळले, आणि दोरीकाकांनी जाता जाता विचारावे तसे विचारले, "दुसरं झाड मिळालं नाही तर काय करता तुम्ही लोक?"

"गाडीला बांधतो. एक टोक झाडाला, दुसरं गाडीच्या मागच्या कॅरिअरला. गाडी मधल्या स्टँडवर, तोंड झाडाच्या विरुद्ध. ओढ मागे बसते, त्यामुळे स्टँड उलट घट्ट राहतो. त्याचा नियम आहे आमचा. कडक." डॉक्टर किंचित हसले. "ज्याची झोळी गाडीला, त्या गाडीची किल्ली त्याच्या खिशात. मग गाडी कोणाचीही असो. सकाळी किल्ली जागेवर नसली की समजायचं, आपल्या गाडीला कोणीतरी लटकलंय. हात लावायचा नाही. तुमच्या जावयाचाच नियम. एकदा मी विसरून किल्ली घेऊन ओढ्यावर गेलो, तर त्याने दोन तास तोंड सोडलं होतं."

"त्या रात्री कोणी गाडीला बांधली होती?"

"छे. झाडं होती ना भरपूर."

४

दुसरी फोटोवाली. ती तिच्या स्टुडिओत मागचा पडदा गुंडाळत होती. तिने न विचारताच त्या संध्याकाळचा फोटो काढून टेबलावर ठेवला. तिन्हीसांजेचा उजेड, चार मोटरसायकली, आणि दोन झाडांमध्ये ताणलेली नकाशेवाल्याची राखाडी झोळी. शेजारी डॉक्टरांची. जावयाची पलीकडच्या उंचवट्यावर, एकटी.

"हा पोलिसांनी पण नेला. दोन झाडांमध्येच होता तो काका. माझ्या फोटोत आहे."

"हा सातचा फोटो. तो मेला पहाटे. मधे किती तास गेले?"

तिने फोटो स्वतःकडे वळवला.

"खाली खडक कुठे दिसतो यात?"

ती वाकली. झोळीखाली गवत होते, गुडघाभर. खडक उजव्या कडेला दिसत होता, जिथे जावयाची जड गाडी उभी होती आणि तिच्या मागे आठ-दहा पावलांवर एक एकटे झाड होते.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. "सापडला तो खडकापाशीच. रडारड चालू होती, कोण मोजतंय कुठलं झाड."

"पहाटे तुम्ही कुठे होतात?"

"खाली ओढ्याशी तंबूत. मी डॉक्टरांच्या शंभर पावलांत झोपत नाही. उजाडायच्या आधी उठले होते, धुक्याचे फोटो काढायला. वर धप्प असा आवाज झाला. मला वाटलं कोणी सामान टाकलं. मग मी पाणी भरलं, स्टोव्ह पेटवला, चहा उकळला, गाळला. तेव्हा हाक आली."

"आवाजानंतर पंधरा मिनिटं."

"वीस असतील. धुक्यात स्टोव्ह धरत नव्हता." तिच्या लक्षात येत चालले होते आणि ते तिला नको होते. "काका, डॉक्टर नाहीत हं. त्यांच्यावर संशय घेऊ नका."

"का नाही?"

"कारण ते घोरत होते. आवाजाच्या आधी, आवाजाच्या वेळी, आणि नंतरही. हाक आली तेव्हा कुठे ते थांबलं. खाली ओढ्यापर्यंत ऐकू येत होतं."

ती हे डॉक्टरांना वाचवायला म्हणाली होती. दुसऱ्या कोणाला आपण बुडवतो आहोत हे तिला दोरीकाकांच्या चेहऱ्यावरून कळले, आणि तिने पडदा हातातून सोडून दिला.

रस्त्यावर आल्यावर दोरीकाका एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा दिवसातून सहा वेळा, काम टाकून, हात साबणाने धुऊन, जावयाने त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले होते. ग्रीसचा वास जाईना म्हणून तो हात नाकाशी नेऊन पाहायचा आणि पुन्हा धुवायचा. लेकीच्या तापाची आणि त्या तिरक्या शिवणीची गोष्ट तिने ज्याला सांगितली, असे जगात एकच माणूस होते.

त्यांना वाटले, इथेच बसून राहावे. अकरा वाजून जाऊ द्यावेत.

५

मेलेल्याची बहीण दोन जिने वर राहत होती. भावाच्या नकाशांच्या गुंडाळ्या तिने भिंतीशी उभ्या करून ठेवल्या होत्या आणि त्यांच्याशी काय करावे हे तिला कळत नव्हते.

"तुमच्या मुलीवर माझा राग नाही," ती म्हणाली. "लोक म्हणतात असायला हवा. ती भेटायला आली होती. माझ्या पाया पडली. मी म्हटलं, तू लहान का आहेस अशी पाया पडायला. मला फक्त हे कळत नाही, की तो झोपेत गेला की जागेपणी. कोणी नीट सांगतच नाही."

दोरीकाकांनी विचारले, "त्याच्या अंगावरचं सामान मिळालं का?"

तिने एक खाकी पाकीट टेबलावर उपडे केले. घड्याळ, होकायंत्र, पेन्सिलीचा तुकडा, रुमाल, आणि दोन किल्ल्या.

"ही त्याच्या गाडीची," तिने एक बाजूला केली. "ही दुसरी स्वेटरच्या आतल्या खिशात होती, बटण लावलेल्या. घराला लागत नाही, कपाटाला लागत नाही, ऑफिसच्या टेबलाला पण लावून बघितली. कोणाची आहे हेच कळेना. तुम्ही ओळखता का?"

दोरीकाकांनी किल्ली तळहातावर घेतली. सुटी होती, तिला ना साखळी ना खूण. "आजच्या दिवस नेऊ?"

"न्या. पण मला सांगा, कशाची आहे ते."

संध्याकाळचे सहा वाजत होते. गॅरेजचे शटर अर्धे ओढलेले होते आणि जावई मागच्या नळावर हात धूत होता. त्याची गाडी भिंतीशी उभी होती; ती सोडून आजूबाजूच्या सगळ्यांवर धूळ होती. डाव्या बाजूची क्लचची लिव्हर कोरी, चकचकीत. उजवीकडची जुनी.

दोरीकाकांनी किल्ली गाडीत घातली आणि फिरवली. हिरवा दिवा लागला.

पाण्याचा आवाज थांबला.

६

"कुठे मिळाली?" जावयाने मागून विचारले.

"त्याच्या स्वेटरच्या आतल्या खिशात. बटण लावलेलं होतं."

जावई उलट्या डब्यावर बसला. नाकारण्याची त्याने तयारी केली असावी, पण इतक्या दिवसांत ती झिजून गेली होती.

"घोरण्याने झोप येईना म्हणून तो रात्री उठून इकडे आला असणार," तो म्हणाला. "मला काहीच माहीत नव्हतं बाबा. मी गोळी घेऊन सगळ्यांत आधी झोपलो होतो. पहाटे गावात जाऊन दूध आणावं म्हटलं. धुकं होतं. मागे सामानाचा एवढा ढीग, त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं."

"किल्ली जागेवर नव्हती."

"नव्हती."

"नियम कोणाचा?"

"माझा." त्याने ओले हात पँटला पुसले. "मला वाटलं जॅकेटमध्ये राहिली असेल. पाकिटात दुसरी होती. मी दिवसभर लोकांच्या गाड्यांच्या किल्ल्या शोधतो बाबा, किल्ली सापडली नाही तर मला काही वाटतच नाही. स्टँडवरून गाडी ढकलली, तर हलेना. म्हटलं, चिखलात रुतलीय. अंग टाकून ढकलली. सुटली, आणि पट्ट्याच्या ओढीने सरळ मागे गेली. तो खाली आला आणि गाडी त्याच्यावर. आवाजसुद्धा केला नाही त्याने."

"मग?"

"मग उचलली. एकट्याने. अडीचशे किलोची गाडी, एरवी दोघं लागतात." तो आपल्या हातांकडे पाहू लागला. "नाडी नव्हती. मी बघितली. बराच वेळ बघितली."

"इथपर्यंत अपघात होता," दोरीकाका म्हणाले. "इथे हाक मारली असतीस, तर मी तुझ्या बाजूने उभा राहिलो असतो."

"भीती वाटली. शिवण सुटली म्हटलं की कोणाचाच दोष नाही, असं डोक्यात आलं. कोणी शिवली हे विचारतील, हे खरंच आलं नाही."

"जादा पट्टे किती होते बरोबर?"

जावयाने डबा थोडा मागे सरकवला.

"सांग. चौघांचे चार असतील. हाच का घेतलास?"

बाहेर कोणीतरी गाडीचा हॉर्न दोनदा वाजवून पाहिला आणि निघून गेले.

"तिला स्वतःलाच खात्री नव्हती, म्हणून," जावई म्हणाला.

दोरीकाकांनी किल्ली गाडीतून काढून घेतली. खोटे बोलताना हा माणूस घाबरलेला होता. पण पट्टा निवडताना त्याने विचार केला होता.

"ती जेवत नाही," ते म्हणाले. "तुझ्या समोर बसून जेवत नाही."

"मला दिसत नाही का? रोज रात्री ठरवतो, सकाळी सांगतो. तोंड उघडत नाही. बाबा, वकील म्हणाले, कबुली दिली तर तिला समज देऊन सोडतील. मला नाही सोडणार. आणि ती मला..." तो डब्यावरून उठून त्यांच्या पायांशी येऊन बसला. "उद्या सकाळी मी स्वतः सांगतो. सहीच्या आधी. तुमच्यासमोर सांगतो. तेवढं द्या मला."

दोरीकाकांनी तेवढे त्याला दिले. ते द्यायला नको होते असे त्यांना नंतर पुष्कळदा वाटले. पण त्या वेळी त्यांना डोळ्यांत थेंब घालणारा हात दिसत होता.

७

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी आधण ठेवले. मशीनला तेल दिले. तिघे चहाला बसले. लेकीने कप हातात धरून ठेवला.

सात वाजले. जावयाने वर्तमानपत्र उलटले. आठ वाजता तो दाढी करायला उठला. नऊला त्याने तिची कागदपत्रे एका फाइलमध्ये नीट लावली, आधी ओळखपत्र, मग जबाब. साडेनऊला तो म्हणाला, "मी टॅक्सी बघून येतो, उशीर नको." म्हणताना त्याने सासऱ्याकडे पाहिले नाही, आणि जिना उतरून गेला.

दोरीकाका लेकीसमोर खुर्ची ओढून बसले. मनात त्यांनी या सांगण्याला पुष्कळ सुरुवाती शोधल्या होत्या. शेवटी त्यांनी बंदरातल्या अहवालासारखे सांगितले. आधी काय पाहिले, मग त्यावरून काय ठरते. दोन ओळी. छातीच्या फासळ्या. खडकाची जागा. घोरणे. किल्ली. आणि गॅरेजमधले बोलणे, शब्द न बदलता.

संपल्यावर तिने गुडघ्यांवर हात पालथे ठेवले.

"शिवण मी पूर्ण केली होती?"

"पूर्ण. सरळ. मी तपासली."

"आणि मी ताईंच्या पाया पडून आले, तेव्हा यांना माहीत होतं?"

"हो."

"जिन्यात उभे होते. माझी पर्स धरून." तिने डोळे मिटले. दोरीकाकांना वाटले ती आता कोसळेल. त्यांनी हात पुढेही केला. पण ती उठली, मोरीत जाऊन तोंड धुऊन आली, केस बांधले. "तुम्ही काय ठरवलंय बाबा?"

"ठाण्यात लिहून देणार आहे. तू नको म्हणालीस तरी."

"नको म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण माझ्याच्याने बोलवणार नाही तिथे. तुम्हीच लिहा. मी शेजारी बसते."

खाली टॅक्सीपाशी जावई फाइल घेऊन उभा होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहताच त्याला कळले. तिने फाइल घेतली, तिच्यातून टाइप केलेला जबाब काढला, घडी करून स्वतःजवळ ठेवला आणि फाइल त्याच्या हातात परत दिली. मग ती टॅक्सीत आत सरकून बसली, बाबांना जागा करून.

"मीही येतो," जावई म्हणाला.

"ये," दोरीकाका म्हणाले. "पायी ये. तेवढ्यात आमचं लिहून होईल."

अकराला दहा कमी असताना फौजदाराने कोरा फॉर्म पुढे ठेवला. लेक शेजारच्या बाकावर बसली होती, भिंतीकडे पाहत. दोरीकाकांनी चष्मा लावला आणि सावकाश, सुवाच्य अक्षरांत रकाने भरायला घेतले. नाव. वय. पूर्वीचा व्यवसाय. तपासलेली वस्तू. निष्कर्ष. पान भरले, तसे त्यांनी दुसरे मागून घेतले. किल्ली टेबलावर ठेवली. ती मृताच्या बहिणीला परत करायची आहे आणि ती कशाची आहे हे तिला समक्ष सांगायचे आहे, असेही लिहिले.

अगदी शेवटी एक रकाना राहिला होता : ज्या व्यक्तीविरुद्ध जबाब देत आहात, तिच्याशी आपले नाते.

दरवाजात पावले वाजली आणि थांबली. दोरीकाकांनी मान वर केली नाही. त्यांनी त्या रकान्यात 'सासरे' असे लिहिले, खाली सही केली आणि कागद फौजदाराच्या हातात दिला.